चष्मा उतरवण्याचा इतिहास : दुसऱ्या दिवशीचा डोळा आणि दहा वर्षांनंतरचा डोळा

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. लग्नाचं बघायला सुरुवात झालीय. दोन्ही डोळ्यांना मायनस सहाचा नंबर, आणि बायोडेटातला 'चष्मा' हा रकाना काही सुटत नाही. शाळेत 'ढापणी' म्हणून चिडवल्याचा राग अजून मनात आहेच. तेव्हा लेसर करून टाकायचं ठरलं. एका ठिकाणी तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, "पारपटल पातळ आहे, आकारही मला बरोबर वाटत नाही. मी करणार नाही. चष्मा वापर, नाहीतर कॉन्टॅक्ट लेन्स." पोरगी हिरमुसली. मग दुसऱ्या ठिकाणी गेली. तिथल्या काउन्सेलर बाईंनी तेच रिपोर्ट चाळले, "होऊन जाईल" म्हणाल्या, आणि महिनाअखेरपर्यंत सवलत आहे हेही सांगितलं.

"मामा, आता कुणाचं ऐकू?"

मी डॉक्टर नाही. निर्णय तुझा आणि तुझ्या डॉक्टरांचा, पण त्याआधी या ऑपरेशनचा इतिहास ऐकून घे, असं तिला म्हटलं. फोनवर तासभर जे बोललो तेच इथे जरा नीट लिहून काढतोय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी एक साधी गोष्ट. डोळ्याच्या पुढे जो पारदर्शक पडदा असतो तो पारपटल, म्हणजे कॉर्निया. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. आपल्याला वाटतं डोळ्यातलं भिंग प्रकाश वाकवतं, पण जवळजवळ दोन तृतीयांश काम हा पडदाच करतो. मायनस नंबरवाल्याच्या डोळ्यात प्रकाश पडद्याच्या आधीच एकवटतो, म्हणून लांबचं पुसट दिसतं. पारपटल जरा सपाट केलं की प्रकाश मागे सरकतो आणि चष्म्याची गरज संपते. तत्त्व एवढंच. गेली शंभरेक वर्षं सगळी धडपड चाललीय ती 'सपाट करायचं कसं' याची.

आणि दुसरी गोष्ट, जी जाहिरातीत कधीच नसते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं ते दिसत नसलेल्या डोळ्यावर. हे ऑपरेशन होतं ते निरोगी डोळ्यावर, ज्याला काचेचे दोन तुकडे लावले की नीट दिसतंय. म्हणून इथे 'बरं झालं का' एवढं विचारून भागत नाही. 'जे चांगलं होतं ते किती वर्षं चांगलं राहिलं' हे विचारावं लागतं. या विषयाचा सगळा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो.

टोकियो

१९३० च्या दशकात टोकियोच्या जुन्तेंदो विद्यापीठात त्सुतोमू सातो नावाचे नेत्रतज्ज्ञ होते. काही पेशंटांचं पारपटल शंकूसारखं पुढे येतं. अशा पेशंटांमध्ये त्यांनी एक गोष्ट पाहिली. आतला थर आपोआप फाटतो, भरून येतो, आणि त्यानंतर पारपटल आधीपेक्षा सपाट होतं. मग हेच मुद्दाम केलं तर? सातोंनी पारपटलावर बाहेरून काप दिले आणि आतूनही दिले. १९३९ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. नंबर कमी व्हायचा, पेशंट खूश व्हायचे. पुढे १९५० च्या दशकापर्यंत शेकडो डोळ्यांवर हे ऑपरेशन झालं.

तेव्हा एक गोष्ट नीट माहीत नव्हती. पारपटलाच्या सगळ्यात आतल्या बाजूला पेशींचा एकेरी थर असतो. पारपटलातलं पाणी सतत बाहेर उपसायचं काम तो करतो, म्हणून पडदा पारदर्शक राहतो. माणसात या पेशी मेल्या की नव्या तयार होत नाहीत. सातोंचे आतले काप नेमके याच थरावर पडत होते.

उरलेल्या पेशींनी कितीतरी वर्षं काम रेटलं. ऑपरेशन होऊन वीसेक वर्षं गेली आणि मग एकेका पेशंटचं पारपटल सुजायला लागलं, त्यावर पाण्याचे फोड यायला लागले, पांढुरकं व्हायला लागलं. पुढे ज्यांना शोधून तपासलं त्यांच्यातल्या बहुसंख्य डोळ्यांची हीच अवस्था निघाली. सातो १९६० मध्येच वारले. बहुतेक पेशंटांचं पुढे काय झालं ते पाहायला ते उरले नाहीत.

सातो लबाड नव्हते. त्यांच्या काळात जेवढं मोजता येत होतं तेवढं त्यांनी मोजलं. पण वर्षभराचा निकाल म्हणजे निकाल नव्हे, हा या विषयातला पहिला धडा. त्याची किंमत त्या पेशंटांनी मोजली.

बोगोटा आणि मॉस्को

याच काळात दुसरा रस्ता दक्षिण अमेरिकेत तयार होत होता. होसे इग्नासिओ बाराकेर मूळचे बार्सिलोनाचे, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या घराण्यातले. पुढे ते कोलंबियात बोगोटाला स्थायिक झाले. त्यांची कल्पना अशी की काप देऊन पारपटल कमकुवत करण्यापेक्षा त्यातला पातळ थर काढायचा, गोठवायचा, लेथवर भिंगासारखा तासायचा आणि परत बसवायचा. हो, लेथवरच! थर कापायचं यंत्रही त्यांनीच बनवलं. हे सगळं इतकं नाजूक आणि किचकट होतं की जगात मोजक्याच लोकांना जमलं. त्यांनी या पद्धतीला ग्रीक शब्दांवरून 'केराटोमिल्यूसिस' असं नाव दिलं, म्हणजे पारपटल कोरणं. 'लॅसिक' या नावातलं शेवटचं अक्षर तिथूनच आलंय.

जगभर गाजला तो मात्र रशियन रस्ता. स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह हा माणूस म्हणजे एक स्वतंत्र पोस्ट होईल. वडील लष्करातले मोठे अधिकारी, स्तालिनच्या काळात अटक होऊन छावणीत गेले. मुलाला वैमानिक व्हायचं होतं, पण तरुणपणी ट्रामच्या अपघातात पाय गेला. मग तो डोळ्यांचा डॉक्टर झाला. १९६० मध्ये सोव्हिएत संघातलं पहिलं कृत्रिम भिंग त्यानेच बसवलं.

एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. १९७४ च्या सुमारास चष्मा फुटून काच डोळ्यात गेलेला एक मुलगा फ्योदोरोव्हकडे आला. जखम भरल्यावर त्या मुलाचा नंबर कमी झालेला दिसला आणि फ्योदोरोव्हला कल्पना सुचली. गोष्ट छान आहे, पण सातोंचं काम रशियन डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं, आणि फक्त बाहेरून काप देण्याचे प्रयोग तिथे आधी होऊनही गेले होते. फ्योदोरोव्हने त्यात शिस्त आणली. किती काप, किती खोल, मध्ये किती जागा सोडायची, याचं गणित बसवलं. मधला भाग सोडून सायकलच्या आऱ्यांसारखे काप. याचं नाव रेडियल केराटोटॉमी, थोडक्यात आरके.

आणि मग त्याने कारखाना काढला. अक्षरशः. पेशंट सरकत्या टेबलांवर झोपलेले, टेबलं फिरतायत, प्रत्येक सर्जन आपल्यापुढे आलेल्या डोळ्यावर एकच पायरी करतो आणि डोळा पुढे जातो. त्याची चित्रफीत जगभर दाखवली गेली. पुढे तरंगतं इस्पितळ म्हणून एक जहाजसुद्धा आलं. फ्योदोरोव्ह खासदार झाला, १९९६ मध्ये रशियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढला (मतं एक टक्काही मिळाली नाहीत) आणि २००० मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेला.

पेशंट दुसऱ्या दिवशी चष्म्याशिवाय घरी जात होता. हजारो लोकांना हेच हवं होतं. दहा वर्षांनी काय, हे मोजायची घाई मात्र कुणाला नव्हती.

अमेरिका : मोजणाऱ्यांवर खटला

१९७८ मध्ये आरके अमेरिकेत पोचलं आणि तिथे खाजगी दवाखान्यांत धडाधड सुरू झालं. चाकू वापरायचा असल्यामुळे नव्या यंत्राला लागते तशी सरकारी मंजुरी लागत नव्हती. सरकारच्या नेत्रविषयक सल्लागार मंडळाने १९७९ मध्ये सांगितलं की हे अजून प्रायोगिक आहे, आधी अभ्यास होऊ द्या. नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने त्याला पाठिंबा दिला.

यावर काय झालं असेल? आठ डॉक्टर कोर्टात गेले! म्हणणं असं की 'प्रायोगिक' हा शब्द वापरून अकादमीने आमचा धंदा बुडवला, हा स्पर्धाविरोधी कट आहे. खटला जवळजवळ दशकभर चालला. १९८९ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला तो अकादमीच्या बाजूने. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं : अकादमीने कुणाला ऑपरेशन करण्यापासून अडवलेलं नाही, फक्त मत दिलंय, आणि मताला उत्तर म्हणजे दुसरं मत, खटला नव्हे.

हा खटला मला फार महत्त्वाचा वाटतो. 'थांबा, मोजू द्या' म्हणणाऱ्याला बाजार किती सहजपणे शत्रू ठरवतो, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

दरम्यान सरकारी पैशातून अभ्यास सुरू झाला. नाव 'पर्क'. नऊ केंद्रं, चारशेहून थोडे जास्त पेशंट, एकच ठरलेली पद्धत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दहा वर्षं पाठपुरावा. १९९४ मध्ये निकाल आला. चांगली बाजू अशी की ८५ टक्के डोळ्यांना चष्म्याशिवाय कामचलाऊ किंवा त्याहून चांगलं दिसत होतं. दुसरी बाजू अशी की ४३ टक्के डोळ्यांचा नंबर ऑपरेशननंतरच्या सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत एक किंवा जास्त अंकाने प्लसकडे सरकला होता. काप दिलेलं पारपटल स्थिर राहतच नव्हतं, सपाट होतच चाललं होतं. म्हणजे तिशीत चष्मा उतरवला आणि चाळिशी मात्र वेळेआधीच लागली.

दोन वर्षांनी, मे १९९६ मध्ये, एव्हरेस्टवर ते भयंकर वादळ झालं. त्या मोहिमेत बेक वेदर्स नावाचे टेक्सासचे डॉक्टर होते. त्यांचं आरके झालेलं होतं. उंचीवर प्राणवायू कमी पडला, कापलेलं पारपटल बदललं आणि त्यांना दिसेनासं झालं. ते चढाई सोडून वाटेत थांबले, वादळात सापडले, मेले समजून मागे सोडले गेले. तरी उठून चालत आले, ही त्यांची जिद्द. पण उजवा हात, डाव्या हाताची बोटं आणि नाक गेलं. ऑपरेशन करताना ही शक्यता कुणाच्या यादीत नव्हती.

टर्कीचं हाड आणि मद्रासचा माणूस

आता लेसर. १९७० मध्ये मॉस्कोच्या लेबेदेव्ह संस्थेत पहिला एक्सायमर लेसर चालला. पुढे त्याचे प्रकार निघाले आणि त्यातला १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण देणारा प्रकार न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथे रंगस्वामी श्रीनिवासन होते. जन्म १९२९, मद्रास. मद्रास विद्यापीठातून रसायनशास्त्र, मग अमेरिकेत पीएचडी, १९६१ पासून आयबीएममध्ये. हा किरण प्लास्टिकवर पडला की आजूबाजूला न जाळता नेमका तेवढाच थर उडवतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे सहकारी. प्रश्न असा होता की जिवंत ऊतींवरही हेच होईल का?

नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या जेवणातली उरलेली टर्की श्रीनिवासन दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत घेऊन आले. हाड आणि कूर्चेवर किरण सोडला. स्वच्छ चर पडली, कडा कुठेही करपलेल्या नाहीत. हिरव्या लेसरने केलेली चर बघितली तर जळकी. नंतर त्यांनी माणसाच्या केसावर कोरलेल्या खाचांचा फोटो प्रसिद्ध केला, तो अनेकांनी पाहिला असेल. १९८३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल त्यांच्याकडे आले आणि दोघांनी मिळून हा किरण पारपटलावर वापरून पाहिला. २०१३ मध्ये ओबामांच्या हस्ते तिघा आयबीएमकरांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'लॅसिकचा शोध भारतीयाने लावला' असा फॉरवर्ड येतो तो यावरून. अभिमान जरूर बाळगा, पण हिशोब नीट ठेवा. श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी हत्यार शोधलं. ऑपरेशन घडवलं ते मॉस्को, बोगोटा, बर्लिन, न्यूयॉर्क, क्रीट अशा सगळीकडच्या माणसांनी.

आणि एका बाईने, जिचं नाव अशा फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. सुरुवातीचे प्रयोग सशांवर, माकडांवर आणि दृष्टी गेलेल्या डोळ्यांवर झाले. दिसणाऱ्या डोळ्यावर पहिल्यांदा कोण करून घेणार? १९८८ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या डॉक्टर मार्गरीट मॅकडॉनल्ड यांच्याकडे साठी उलटलेली एक स्त्री होती. डोळ्यामागे कर्करोगाची गाठ होती, डोळा काढून टाकावाच लागणार होता. ती म्हणाली, काढणारच आहात तर आधी त्यावर प्रयोग करा. ऑपरेशन झालं, थोड्या दिवसांनी डोळा काढला, आणि त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. पारपटल कसं भरून येतं हे त्यातून कळलं. आज 'दहा मिनिटांत चष्म्याला रामराम' म्हणतात, त्याच्या मुळाशी हे दान आहे.

झडप आणि मीटर

सुरुवातीला लेसर थेट वरच्या पृष्ठभागावर मारायचे. त्याला पीआरके म्हणतात. ती पद्धत आजही आहे आणि काही डोळ्यांसाठी तीच बरी असते. पण काही दिवस वेदना होतात, दिसायला वेळ लागतो. क्रीटच्या विद्यापीठात योआनिस पालिकारिस यांनी बाराकेरांची कल्पना आणि लेसर एकत्र आणले. पारपटलाची पातळ झडप बिजागरीसारखी उघडायची, आत लेसर मारायचा, झडप परत मिटवायची. हे १९९० च्या आसपासचं. अशाच धर्तीचं पेटंट त्याआधी १९८९ मध्ये इराणमध्ये जन्मलेले डॉक्टर घोलाम पेमन यांना मिळालेलं होतं. झडपेची पद्धत म्हणजे लॅसिक. दुखणं कमी, दुसऱ्या दिवशी ऑफिस. पुढे झडप कापायला पात्याऐवजी दुसरा, फेमटोसेकंद लेसर आला. त्याच्या मुळाशी असलेल्या संशोधनाला २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

अमेरिकेत ऑक्टोबर १९९५ मध्ये पीआरकेसाठी पहिल्या लेसरला एफडीएची मंजुरी मिळाली. डॉक्टरांनी तोच लेसर लगेच लॅसिकसाठीही वापरायला सुरुवात केली. लॅसिकच्या स्वतंत्र मंजुऱ्या आल्या त्या १९९८ आणि त्यानंतर. म्हणजे इथेही वापर आधी, कागद नंतर.

पैशाचं बघा. लेसर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी आपली पेटंटं एकत्र केली आणि प्रत्येक ऑपरेशनमागे २५० डॉलर फी लावली. रिक्षाच्या मीटरसारखं. दोन स्पर्धक मिळून भाव बांधतायत, म्हणून मार्च १९९८ मध्ये सरकारच्या व्यापार आयोगाने तक्रार दाखल केली आणि ती भागीदारी मोडली. डोळ्यामागे मीटर चालू असला की 'या डोळ्यावर करू नये' असं म्हणण्याने कुणाचं तरी नुकसान होतं. म्हणून तसं म्हणणारा डॉक्टर किमती असतो.

त्याच १९९८ मध्ये ड्रेस्डेनचे थिओ झायलर यांनी लॅसिकनंतर पारपटल कमकुवत होऊन पुढे फुगल्याच्या केसेस मांडल्या. प्रमाण कमी, पण झालं तर गंभीर. तेव्हापासून ऑपरेशनआधी पारपटलाची जाडी आणि आकाराचा नकाशा काढणं अनिवार्य मानलं जाऊ लागलं.

इथे भाचीचं गणित येतं. तिचं पारपटल ४७० मायक्रॉन. झडपेला साधारण ११० गेले. एका नंबरमागे लेसर १२ ते १५ मायक्रॉन उडवतो, म्हणजे सहा नंबरला ८५ धरा. उरले २७५. खाली किमान २५० उरावेत असा जुना आडाखा आहे. म्हणजे आकड्यात ती पास! दुसऱ्या ठिकाणच्या 'होऊन जाईल'चा अर्थ एवढाच होता. पहिल्या डॉक्टरांनी आकाराचा नकाशाही पाहिला होता, आणि तो त्यांना संशयास्पद वाटला होता.

पेशंट माईकवर

एप्रिल २००८ मध्ये एफडीएच्या सल्लागार मंडळासमोर जाहीर सुनावणी झाली. खूश पेशंट बोलले, तसे ज्यांचं आयुष्य बिघडलं तेही बोलले. रात्री दिव्यांभोवती वलयं, एकाची दोन दिसणारी चित्रं, न थांबणारी कोरड, डोळ्यातली कळ. अनेकांची तक्रार अशी होती की तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली म्हणून डॉक्टरांच्या वहीत आम्ही 'यशस्वी' आहोत.

मग एफडीए, अमेरिकन नौदल आणि राष्ट्रीय नेत्रसंस्था यांनी मिळून 'प्राउल' नावाचा अभ्यास केला. यात वेगळं असं की पेशंटला काय वाटतं ते थेट पेशंटलाच विचारलं. एकूण ५७४ जण. निकाल २०१६-१७ मध्ये आले. ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या दृष्टीवर समाधानी होते. हे आधी नीट वाचा, कारण 'लॅसिक म्हणजे आंधळेपण' अशी भीती पसरवणाऱ्या पोस्टही फिरतात आणि त्या चूक आहेत. ज्यांना आधीपासून चमक, वलयं असा त्रास होता त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा तो कमीही झाला. पण ज्यांना आधी असा कुठलाच त्रास नव्हता, त्यांच्यातल्या ४३ ते ४६ टक्के लोकांनी तीन महिन्यांनी काही ना काही नवीन त्रास सांगितला. त्याने रोजच्या कामात फार अडचण येते म्हणणारे एक टक्क्याच्या आत होते.

एकच अभ्यास, आणि तिन्ही आकडे खरे. जाहिरातीत पहिला येतो, घाबरवणाऱ्या पोस्टमध्ये दुसरा. पेशंटला तिन्ही माहीत असायला हवेत.

१९९० च्या दशकात एफडीएमध्ये या लेसरच्या मंजुरीचं काम पाहिलेले मॉरिस वॅक्सलर यांनी निवृत्तीनंतर, २०११ मध्ये, मंजुरी मागे घ्या असा अर्ज केला. एफडीएने २०१४ मध्ये तो फेटाळला. २०२२ मध्ये एफडीएने पेशंटला आधी काय काय सांगावं याचा एक मसुदा काढला, त्यात सही करण्याआधी टिक करत जायची यादी होती. डॉक्टरांच्या संघटनांनी जोरदार हरकत घेतली की यामुळे लोक उगाच घाबरतील. चाळीस वर्षांपूर्वीचा 'प्रायोगिक' शब्दावरचा वाद आठवतोय ना?

आता आपल्याकडे

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २००८ मध्ये एका खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केलं की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. उपचार काय, धोके काय, दुसरे पर्याय काय, हे पेशंटला समजेल असं सांगून घेतलेली संमती तीच खरी. कायदा आहे. ऑपरेशनच्या सकाळी हिरवा गाऊन घातल्यावर हातात येणारा आठ पानी इंग्रजी फॉर्म त्यात बसतो का, हे तुम्हीच ठरवा.

माझं म्हणणं एवढंच आहे. पहिलं, नकाशा, जाडी, उरणारी जाडी हे आकडे विचारा आणि ते डॉक्टरांच्या तोंडून ऐका, काउन्सेलरच्या नाही. दुसरं, आधीचे सगळे रिपोर्ट जन्मभर जपून ठेवा. वीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचं गणित लेसर झालेल्या डोळ्यात अवघड जातं, जुने आकडे तेव्हा कामी येतात. तिसरं, चाळिशीचा चष्मा लेसरने टळत नाही हे लक्षात ठेवा.

चौथं आपलं सगळ्यांचं. स्वीडनमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही १९९२ पासून आहे. डोळ्याच्या लेसरची अशी नोंदवही आपल्याकडे असावी, ज्यात पाच-दहा वर्षांनंतरचा डोळाही लिहिला जाईल, ही मागणी करायला हरकत काय? गाडीचा रिकॉल होतो. डोळ्याचा होत नाही.

भाची तिसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी नकाशा समोर ठेवून अर्धा तास समजावलं आणि 'नको'च म्हणाले. "दोनदा फी भरून दोनदा नकार ऐकला," असं म्हणून हसली. मी म्हटलं, "बाई गं, या विषयाच्या सगळ्या इतिहासात 'नको' म्हणणारेच कमी होते. तुला दोन भेटले."

बायोडेटात आता तिने लिहिलंय : चष्मा – आहे.